तारीफ-इ-हुसेनशाहींतील पुसलेली राणी आणि प्रकाशाची साक्ष

(१)

अहमदनगरच्या निजामशाहीचा इतिहास लिहूं जाणारास पहिली अडचण पडते ती साधनांची. इ. स. १४९० च्या सुमारास मलिक अहमदानें स्थापिलेलें हें राज्य १६३६ त लयास गेलें. मधल्या दीडशें वर्षांत राजधानी पडली, हलली, आणि दप्तराची वाताहत झाली. आज आपण ज्या दोन फारशी तवारिखांवर मुख्यत्वें विसंबतों त्यांपैकीं सय्यद अली तबातबाची बुऱ्हान-इ-मासिर ही सोळाव्या शतकाच्या अखेरीची, आणि फेरिस्त्यानें आपला ग्रंथ सिद्ध केला तो नगर सोडून विजापुरास गेल्यानंतर. दोघेही लेखक जाणते खरे. तथापि पहिल्या हुसेन निजामशहाच्या कारकीर्दीविषयीं लिहितांना त्यांच्या व त्या काळाच्या मध्यें एका पिढीचें वा त्याहून अधिक अंतर पडलें होतें.

अशा दारिद्र्यांत एक समकालीन सचित्र पोथी उपलब्ध असावी ही मोठीच जोड होय. ती पोथी म्हणजे तारीफ-इ-हुसेनशाही. आफताबी नामक कवीनें फारशी भाषेंत रचलेलें हें काव्य असून त्याची सचित्र प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहांत आहे. मंडळानेंच ती १९८७ त जी. टी. कुलकर्णी व म. श्री. माटे यांच्या संपादकत्वाखालीं भाषांतरासह प्रसिद्ध केली. हुसेनशहाची स्तुति, त्याचा खुंजा हुमायून हिच्याशीं झालेला विवाह, दरबाराचें व अंतःपुराचें वैभव, आणि जानेवारी १५६५ मध्यें तालिकोटच्या रणांगणावर विजयनगरच्या रामरायाचा झालेला पाडाव, हे या काव्याचे मुख्य विषय. पोथींत आज बारा चित्रें आहेत. दख्खनी चित्रकलेचे जे अगदीं प्रारंभींचे नमुने उरले आहेत त्यांत यांची गणना होते. वृक्षास स्त्रीचा स्पर्श होतांच तो फुलतो, या आपल्याकडील दोहदाच्या कल्पनेचें एक चित्र त्यांत आहे. फारशी काव्याच्या पोटांत ही देशी कल्पना यावी, यावरूनच नगरच्या दरबाराचें मिश्र वळण ध्यानांत येतें.

हुसेनशहा १५६५ सालींच वारला. मुर्तजा गादीवर आला, पण तो अल्पवयी असल्यानें सत्ता त्याच्या मातेच्या, म्हणजे खुंजा हुमायूनच्या, हातीं गेली. सुमारें चार वर्षें राज्यकारभाराचीं सूत्रें तिच्याकडे होतीं. १५६९ त मुर्तजानें तिला कैद करून सत्ता आपल्या हातीं घेतली. पुढें १५९५-९६ त मोगलांच्या वेढ्यांत नगरचा किल्ला झुंजविणारी चांदबिबी ही याच राणीची कन्या. मुलीचें नांव सर्वतोमुखी झालें. आईचें नांव तवारिखांच्या पानांतच राहिलें.

आतां पोथीकडे वळूं. ज्या चित्रांत राणी सुलतानाच्या शेजारीं बसलेली दाखविली होती, त्यांपैकीं बहुतेक चित्रांत तिची आकृति बुद्ध्या नाहींशी करण्यांत आली आहे. सुलतान जागच्या जागीं, दासी जागच्या जागीं, आसन जसेंच्या तसें. आणि मध्यें राणीच्या जागीं केवळ एक डाग. राजाच्या बरोबरीनें राणीचें चित्र काढणें ही गोष्ट त्या काळच्या मुसलमानी दरबारांत विरळा. तेव्हां पोथी राणीच्या अमलाच्या काळांत, म्हणजे १५६५ ते १५६९ च्या दरम्यान, तयार झाली असावी, आणि तिच्या पाडावानंतर तिची प्रतिमा मोडण्यांत आली असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. तर्क सयुक्तिक आहे. परंतु तो तर्क आहे. पुसणारा हात १५६९ चा असूं शकेल, तसाच तो पुढील शतकांतील एखाद्या सनातनी मालकाचाही असूं शकेल. पहिल्या पक्षीं तो डाग हा राज्यक्रांतीचा अस्सल दस्तऐवज ठरतो. दुसऱ्या पक्षीं तो पोथीच्या प्रवासांतला एक अपघात ठरतो. या दोहोंतील निवड अक्षरांच्या अभ्यासानें होण्याजोगी नाहीं, कारण डागाला अक्षर नसतें. त्याला असतें तें केवळ द्रव्य.

(२)

पोथ्या हाताळणारांस खाडाखोड नवी नाहीं. लेखकूचें अक्षर चुकलें म्हणजे त्यावर हरताळाचा पिवळा लेप देऊन वर नवें अक्षर लिहिण्याची आपली जुनी चाल. 'हरताळ फासणें' हा वाक्प्रचार तिच्यांतूनच आला. हरताळ म्हणजे सोमल व गंधक यांचें संयुग. किडीस तें विष असल्यानें पोथीचें रक्षणही होई. हिंगुळ म्हणजे पारा व गंधक, शेंदूर म्हणजे शिशाचा प्राणिद, निळा रंग कधीं नीळ या वनस्पतीचा तर कधीं लाजवर्द या दगडाचा, काळा काजळाचा. जुनी पोथी म्हणजे शब्दांचा ग्रंथ तर खराच; पण ती द्रव्यांचीही एक यादी असते, आणि प्रत्येक द्रव्याला आपापला देश, काळ व बाजार असतो.

ही यादी डोळ्यांनीं वाचतां येत नाहीं. निळ्या रंगाकडे पाहून तो नीळ कीं लाजवर्द हें सांगणें भल्याभल्यांस साधत नाहीं. रासायनिक पृथक्करण करावें तर रंगाचा कण खरवडून घ्यावा लागतो, आणि जी वस्तु जगांत एकच आहे तिच्या बाबतींत असा व्यय करणें कोणत्याही संग्राहकास मानवणार नाहीं. न शिवतां, न खरवडतां, द्रव्याला त्याचें नांव विचारण्याची सोय पाहिजे. ती सोय ज्या शोधानें झाली तो हिंदुस्थानांतच लागला.

(३)

इ. स. १९२१ मध्यें विलायतेहून परततांना समुद्राची निळाई पाहून चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या मनांत प्रकाशाच्या विखुरण्याविषयीं विचार सुरू झाले. कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर दि कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेंत त्यांनीं व त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन् यांनीं वर्षानुवर्षें द्रवांतून प्रकाश पाठवून पाहिला, आणि २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं त्या प्रयत्नांस निश्चित फळ आलें. एकाच रंगाचा प्रकाश पदार्थावर टाकला असतां परत येणाऱ्या प्रकाशांत मूळ रंगाखेरीज दुसऱ्या रंगाच्या अतिमंद रेषाही असतात, असें त्यांस आढळलें. याबद्दल रामन यांस १९३० चें नोबेल पारितोषिक मिळालें.

कारण असें. रेणूंतील अणु एकमेकांशीं जखडलेले असले तरी स्तब्ध नसतात. ते ठराविक वेगानें कंप पावत असतात. प्रकाशाचा कण रेणूवर आदळून परततांना क्वचित् या कंपासाठीं थोडी शक्ति देऊन येतो, आणि तेवढ्या मानानें त्याचा रंग बदलतो. बाजारांत मडकें घेणारा टिचकी मारून नादावरून त्याची जात ओळखतो, तसाच हा प्रकार. येथें टिचकी प्रकाशाची आणि नाद रंगाच्या फरकाचा, एवढेंच. हा फरक एका सेंटिमीटरांत मावणाऱ्या तरंगांच्या संख्येनें मोजण्याची चाल आहे. तीस आपण तरंगांक म्हणूं. हिंगुळाची ठळक रेषा २५३ या तरंगांकाच्या आसपास येते, लाजवर्दाची ५४८ च्या, निळीची १५७३ च्या. काजळ म्हणजे शुद्ध कर्ब. त्याच्या दोन रुंद रेषा १३५० व १५९० च्या सुमारास दिसतात.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. शेंदुराचीही ठळक रेषा ५४९ च्या जवळ, म्हणजे लाजवर्दाच्या अगदीं शेजारीं, येते. केवळ त्या एका रेषेवर निवाडा देणारा फसेल. शेंदुराची १२२ जवळची दुसरी रेषा पाहिली म्हणजेच संशय फिटतो. एकाच साक्षीवर निकाल देऊं नये हा आपला जुना नियम प्रकाशाच्या साक्षीसही तसाच लागू आहे.

अडचण होती ती या नादाच्या क्षीणपणाची. कोटि कणांमागें एखादाच कण असा रंग बदलून येतो. १९६० त लेसर निघाल्यावर तीव्र, एकरंगी व सुईच्या अग्राहूनही बारीक असा प्रकाशझोत हातीं आला आणि ही विद्या घरोघरच्या प्रयोगशाळांत शिरली. लेसरच्या इतिहासांत आपल्याकडचाही एक धागा आहे. नगर जिल्ह्यालगतच्या पुणें जिल्ह्यांत, बारामती येथें, १९३८ त जन्मलेले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकलेले कुमार पटेल यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६४ मध्यें कर्बद्विप्राणिदाचा लेसर सिद्ध केला, आणि १९७० मध्यें रामन-परिणामावरच आधारलेला, तरंग हवा तसा बदलतां येणारा अवरक्त लेसर दाखविला.

(४)

हीच विद्या गेल्या कांहीं वर्षांत जिवंत पेशीच्या आंत शिरली आहे. पोथीच्या अभ्यासकाला पेशीशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. उत्तर असें कीं, पेशींत काम करणारांस जो प्रश्न पडला आणि त्यांनीं तो ज्या युक्तीनें सोडविला, तो प्रश्न व ती युक्ति दोन्ही आपल्या ओळखीचीं आहेत.

पेशी बव्हंशीं पाण्याची व म्हणून पारदर्शक. तिच्यांतील एखादा पदार्थ पाहावयाचा तर त्यास खूण केली पाहिजे. खूण करण्याचा पहिला मार्ग रंगाचा. १८८६ मध्यें जर्मन वैद्य पॉल एर्लिख यानें मेथिलीन ब्लू या रंगानें जिवंत मज्जातंतु रंगवून दाखविले; परंतु बहुतेक रंगांना पेशी आधीं मारून स्थिर करावी लागे. दुसरा मार्ग स्वतः उजळणाऱ्या खुणेचा. ओसामु शिमोमुरा यांनीं १९६२ त एका जेलीफिशांत हिरवा उजेड देणारें प्रथिन पाहिलें. पुढें तें इतर प्रथिनांस जोडण्याची रीत बसली, आणि २००८ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक शिमोमुरा, मार्टिन चाल्फी व रॉजर त्सिएन यांस त्यासाठीं मिळालें. या युक्तीनें जीवशास्त्रांत क्रांति केली हें खरें. पण तें प्रथिन २३८ अमिनो आम्लांचें. मोठ्या प्रथिनास तें शोभतें. साखरेच्या वा स्निग्धाम्लाच्या चिमुकल्या रेणूस तें बांधणें म्हणजे शेळीच्या पाठीवर अंबारी चढविणें. शेळी मग शेळीसारखी चालत नाहीं, आणि तिच्या चालीवरून काढलेलें अनुमान खोटें ठरतें.

तिसरा मार्ग रामन यांच्या प्रकाशानें सुचविला. जिवंत पेशीचा रामन-वर्णपट काढला तर १८०० तरंगांकाच्या खालीं रेषांची एकच दाटी दिसते. प्रथिनें, स्निग्धद्रव्यें, न्यूक्लिक आम्लें, सारीं तेथें एकमेकांवर लिहिलेलीं असतात. पुढें २८०० ते ३००० च्या दरम्यान कर्ब व हायड्रोजन यांच्या बंधाची भाऊगर्दी. परंतु १८०० ते २८०० हा मधला पट्टा जवळजवळ कोरा असतो. पेशी तेथें कांहीं लिहीत नाहीं. आपल्या पोथींत दाट मजकुराच्या बाजूस लेखकू जो समास सोडतो, तसाच हा निसर्गानें सोडलेला समास समजावा. समासांत एखादें चिन्ह घातलें तर तें मजकुरांत हरवत नाहीं, आणि तें मजकुराचें नव्हे हेंही पाहणारास तात्काळ कळतें.

समासांत लिहील अशी खूण कोणती? दोन कर्ब-अणु तीन बंधांनीं एकमेकांस जखडलेले असले म्हणजे त्यांचा कंप २१०० ते २२०० च्या दरम्यान येतो. अशी जोडी पेशीच्या स्वतःच्या द्रव्यांत जवळजवळ आढळत नाहीं. खूण म्हणजे केवळ दोन कर्बांची ही जोडी. रेणूच्या चालीवर तिचा भार नगण्य. २०११ मध्यें जपानांतील मिकिको सोदेओका, कात्सुमासा फुजिता व त्यांचे सहकारी यांनीं ही युक्ति प्रथम पेशींत पाहिली. पेशी विभागण्यापूर्वीं आपल्या डी. एन्. ए. ची नक्कल करते. त्या नकलेंत लागणाऱ्या चार अक्षरांपैकीं एकाच्या जागीं ही जोडी लावलेला रेणु त्यांनीं पेशीस दिला. पेशीनें तो आपलाच समजून नव्या प्रतींत घातला, आणि रामन-प्रकाशांत नवी प्रत तेवढी उठून दिसली. कोणती पेशी नक्कल करीत आहे व कोणती स्वस्थ आहे हें ती पेशी न मारतां कळलें. पूर्वीं हीच खूण पाहण्यासाठीं पेशी मारून, तांब्याच्या साहाय्यानें तीवर चमकणारा रंग चढवावा लागे.

साधा रामन-प्रकाश मंद असल्यानें हें चित्र तयार होण्यास वेळ फार लागे. तोवर दुसरीकडे त्याचा उपाय निघाला होता. २००८ मध्यें हार्वर्ड येथील सनी शिए यांच्या प्रयोगशाळेनें दोन लेसर-झोत एकाच बिंदूवर सोडून, त्यांच्यांतील फरक रेणूच्या कंपाशीं तंतोतंत जुळवून, तो मंद नाद कित्येक पटींनीं वाढविण्याची रीत सूक्ष्मदर्शकास जोडली. २०१४ मध्यें कोलंबिया विद्यापीठांतील वेइ मिन यांच्या गटानें व पर्ड्यू विद्यापीठांतील जी-शिन चेंग यांच्या गटानें या दोन्ही युक्ति एकत्र केल्या. कर्बाच्या त्याच जोडीनें खुणावलेलीं न्यूक्लिक आम्लें, प्रथिनें व स्निग्धद्रव्यें जिवंत पेशींत पाहतां आलीं. मिन यांच्या गटानें उंदराच्या कानाच्या कातडींत टर्बिनाफीन हें औषध कसें झिरपतें तेंही पाहिलें. नायट्याच्या मलमांत असणाऱ्या या औषधाच्या रेणूंत ही जोडी मुळांतच असते, म्हणून त्यास वेगळी खूणही करावी लागली नाहीं. २०१७ मध्यें याच गटानें समासांतील थोड्याथोड्या अंतरावर बोलणारे नवे रंग रचून, जुन्या चमकणाऱ्या रंगांसह एकूण चोवीस खुणा एकमेकींपासून वेगळ्या ओळखतां येतात असें दाखविलें. डोळ्यास दिसणाऱ्या चमकत्या रंगांनीं एका वेळीं चारपांच खुणांपलीकडे जाणें कठीण, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या संख्येचें महत्त्व कळेल.

या कामांतील माणसें आपल्या साक्षीवर जीं बंधनें घालून घेतात तींही पाहण्यासारखीं आहेत. खूण न दिलेली पेशी ते त्याच प्रकाशांत प्रथम पाहतात, म्हणजे समास खरोखर कोरा आहे याची खात्री होते. दुसरें, दिसते ती खूण, मूळ रेणु नव्हे, हें ते विसरत नाहींत. पेशीनें तो रेणु मोडून खूण दुसऱ्याच द्रव्यांत घातली असण्याचा संभव असतो. तिसरें, ठराविक प्रमाणाहून कमी खूण यंत्रास दिसत नाहीं. म्हणून रेषा न दिसणें म्हणजे वस्तु नसणें नव्हे. पत्राखालचा शिक्का खरा असला तरी पत्र खरें असेलच असें नाहीं, आणि दप्तरांत उल्लेख नाहीं म्हणून घटना घडलीच नाहीं असेंही नाहीं, हें राजवाड्यांच्या काळापासून आपण सांगत आलों. तेंच हे लोक वेगळ्या भाषेंत सांगतात.

(५)

आतां नगरच्या पोथीचा व या समासाचा संबंध पाहूं. कर्बाची कर्बाशीं तिहेरी गांठ समासांत लिहिते, तशीच कर्बाची नत्राशीं असलेली तिहेरी गांठही लिहिते; पेशींत तीही खूण म्हणून वापरतात. हीच कर्ब-नत्राची गांठ एका प्रसिद्ध रंगांत भरलेली आहे, आणि तो रंग म्हणजे प्रशियन निळा. त्याच्या रेषा २०९० व २१५४ च्या आसपास, म्हणजे बरोबर त्या कोऱ्या पट्ट्यांत, येतात. हिंगुळ, हरताळ, शेंदूर, लाजवर्द, नीळ, काजळ, सफेदा, यांपैकीं एकही तेथें बोलत नाहीं. म्हणजे सोळाव्या शतकांतील चित्रकाराच्या रंगपेटीपुरता हा पट्टा पेशीप्रमाणेंच कोरा आहे.

आणि प्रशियन निळा हा रंग बर्लिनमध्यें निघाला तो अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकांत. तेव्हां तारीफ-इ-हुसेनशाहीच्या डागांत जर या पट्ट्यांत रेषा आढळली, तर त्या जागीं लागलेला रंग १५६९ चा असणें शक्य नाहीं. तो निदान सव्वाशें वर्षांनंतरचा. पेशींत माणसानें मुद्दाम घातलेली खूण आणि पोथींत पुसणाराच्या हातून नकळत राहिलेली खूण एकाच समासांत, एकाच प्रकारच्या बंधानें, लिहिली जाते. उलट तेथें रेषा न आढळली तर १५६९ चा पक्ष सिद्ध झाला असें मात्र समजूं नये. पुढच्या काळांतील माणूसही नीळ व काजळ वापरूं शकत होता. रेषा असल्यास ती निर्णायक. नसल्यास ती केवळ अनुकूल. एवढा विवेक राखला म्हणजे पुरे.

या पद्धतीनें कांहीं मोठे निकाल लागले आहेत. येल विद्यापीठानें १९६५ त प्रसिद्ध केलेल्या विनलंडच्या नकाशावर, काळ्या शाईच्या कडेनें धांवणाऱ्या पिवळ्या रेघेंत, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील कॅथरिन ब्राउन व रॉबिन क्लार्क यांस २००२ मध्यें रामन-प्रकाशानें ॲनाटेज हा टायटॅनियमचा प्राणिद आढळला. तो रंग म्हणून बाजारांत आला विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत. २०२१ त येलनें तो नकाशा बनावट असल्याचें जाहीर केलें. याच दोघांनीं २००४ मध्यें इंग्लंडांतील लिंडिस्फार्नच्या सुवार्तेच्या पोथीचा निळा रंग तपासला. तो अफगाणिस्थानांतून आलेला लाजवर्द असावा अशी समजूत होती. निघाली ती नीळ. दूरच्या व्यापारावर उभारलेलें एक अनुमान तेवढ्यानें खालीं आलें. पहिल्या उदाहरणांत द्रव्यानें लबाडी उघड केली. दुसऱ्यांत प्रामाणिक विद्वानांची समजूत दुरुस्त केली.

डागाच्या बाबतींत दुसराही प्रश्न विचारतां येतो: त्याखालीं काय उरलें आहे? येथें दोन शक्यता आहेत. राणीची आकृति खरवडली असेल तर कागदाच्या तंतूंत मूळ रंगाचे कण अडकून राहिलेले असतात. सूक्ष्मदर्शकास जोडलेला लेसर एका सहस्रांश मिलिमीटराएवढ्या बिंदूचा रंग वाचतो. बिंदूमागून बिंदु वाचीत गेल्यास कोठें हिंगुळ, कोठें लाजवर्द, याचा नकाशा तयार होतो, आणि त्या नकाशावरून पदराची कड किंवा हाताची ठेवण हातीं येऊं शकते. पेशींतील खुणांचें चित्र असेंच, बिंदूमागून बिंदु, तयार होतें. आकृतीवर नुसता रंग फासला असेल तर काम अधिक आशेचें आहे. काजळानें काढलेलें मूळ रेखन असल्यास अवरक्त प्रकाशांत घेतलेल्या छायाचित्रांत तें वरच्या रंगांतून दिसूं शकतें. शिवाय २००५ मध्यें इंग्लंडांतील पावेल मातुसेक व त्यांचे सहकारी यांनीं अशी रीत काढली कीं, प्रकाश एका बिंदूवर टाकावा व परत येणारा प्रकाश त्याच्या बाजूच्या बिंदूवर गोळा करावा. असें केल्यानें वरच्या थरापेक्षां खालच्या थराचा आवाज मोठा ऐकूं येतो. कातडीच्या आड असलेल्या हाडाच्या तपासणीसाठीं ती वापरली गेली, आणि २०१४ पासून तिचें सूक्ष्म रूप रंगाच्या थरांसही लावण्यांत आलें आहे.

(६)

संग्राहकांसाठीं यांतून कांहीं व्यावहारिक गोष्टी निघतात.

पहिली ही कीं, प्रकाशही निरुपद्रवी नसतो. लेसरची शक्ति अधिक झाली तर शेंदूर जागच्या जागीं पिवळा पडतो, आणि हरताळ व हिंगुळ यांनाही झळ पोंचते. म्हणून तपासणाऱ्यास शक्ति किती ठेवली व किती वेळ ठेवली हें लेखी विचारावें, आणि प्रथम नव्यानें बनविलेल्या नमुन्यावर प्रयोग करून दाखविण्यास सांगावें. लाखेसारखे वनस्पतिज वा कीटकज रंग लेसरखालीं स्वतःच चमकतात व त्या उजेडांत रामन-रेषा बुडून जातात. त्यांच्यासाठीं चांदीच्या सूक्ष्म कणांचा लेप देण्याची रीत आहे. पण तींत पोथीस स्पर्श होतो, म्हणून एकमेव प्रतीवर ती करूं देऊं नये.

दुसरी गोष्ट डागांविषयींची. पोथी विकत घेतल्यावर ती 'स्वच्छ' करून घेण्याची हौस अनेकांस असते. हरताळाचा लेप खरवडून खालचें अक्षर पाहणें, पुसलेल्या जागीं चित्रकाराकडून नवी आकृति भरून घेणें, पानावर वार्निस देणें किंवा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चढविणें, हे सारे साक्षीदार फोडण्याचे प्रकार आहेत. पापुद्र्याला स्वतःचा वर्णपट असतो, तो खालच्या रंगाच्या वर्णपटांत मिसळतो. आणि आजच्या कारागिराच्या निळ्या रंगांत प्रशियन निळा किंवा त्याहूनही नवें द्रव्य असतें. तें एकदां त्या जागीं लागलें म्हणजे वर सांगितलेला कालनिर्णय कायमचा नासला. पेशीचा अभ्यासक खूण घालण्यापूर्वीं समास कोरा असल्याची खात्री करून घेतो. पोथीचा समास आपणच आपल्या हातानें भरून टाकूं नये.

तिसरी गोष्ट तुलनेची. एका पोथीच्या रंगांवरून फार कांहीं ठरत नाहीं. ज्यांवर शक वा हिजरी सन स्पष्ट आहे अशा सचित्र पानांतील रंगांची यादी तयार झाली पाहिजे. जुन्नर, दौलताबाद येथील जुने कागद, सरदार घराण्यांच्या देवघरांतील चित्रित पोथ्या, जन्मपत्रिका, सनदांवरील सोनेरी वेलबुट्टी, यांपैकीं जें जें सन घालून लिहिलेलें आहे तें तें या कामीं उपयोगी. सन नसलेल्या सुंदर पानापेक्षां सन असलेलें साधें पान येथें अधिक मोलाचें आहे. नगर, पैठण, नेवासें, संगमनेर या टापूंत असे कागद घरोघर असण्याचा संभव आहे. ते विकत घेतले नाहींत तरी चालेल. ते कोणत्या गांवांतून, कोणत्या घराण्याकडून पाहण्यास मिळाले याची नोंद झाली तरी पुढील अभ्यासकाचें काम अर्धें होईल.

शेवटची गोष्ट निष्कर्षाच्या मर्यादेची. डागांत काय द्रव्य आहे हें प्रकाश सांगेल. तें कोणत्या मनानें फासलें हें तो सांगणार नाहीं. द्रव्य १५६९ च्या मानानें विसंगत ठरलें, तर मुर्तजाच्या माथ्यावरील हा एक आरोप उतरेल आणि आजवर दरबारी सूडाची कथा म्हणून सांगितलेली गोष्ट आपणांस सोडून द्यावी लागेल. सुसंगत ठरलें, तर तवारिखांनीं दोन ओळींत उरकलेल्या त्या सत्तांतराचा दरबारच्या चित्रशाळेपर्यंत पोंचलेला हात आपणांस दिसूं शकेल. कोणताही निकाल लागला तरी राणीचें एक न पुसलेलें चित्र, आणि पुसलेल्या चित्रांखालीं उरलेलें कण कण द्रव्य, ही तिच्या अमलाची समकालीन साक्ष आहे. खुंजा हुमायूनच्या राज्यकारभाराविषयीं आपलें ज्ञान फेरिस्ता व तबातबा यांच्या मतांवर अवलंबून आहे. तिच्या स्वतःच्या काळांतील साक्ष इतक्या जवळ असतां ती तपासून घेणें हें निजामशाहीच्या इतिहासाचें एक राहिलेलें काम आहे. जाणकारांनीं तें हातीं घ्यावें व संग्राहकांनीं त्यांस आपले सनांकित कागद दाखवावे, अशी विनंति आहे.